आत कोणी राहिलं आहे का

मुरबाड, ५ जानेवारी २०२५

ताई,

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. पत्र तुझ्या सासूबाईंच्या हाती देणार आहे. त्या परवा इथे दवाखान्यात आल्या होत्या. स्टँडवर टोकावड्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या दिसल्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी सरकून जागा केली, पिशवीतली चार बोरं माझ्या हातावर ठेवली आणि मग बोलल्या.

"दर्शनीनं एकच विचारलंय. त्या मशिनीवर शबुद कोनता होता नं त्याचा अर्थ काय. तू लावलेली मराठी चुकली असंल तर दोष तुझा. नसंल चुकली तर त्या महिपतचा. तेवढं सांग, दुसरं काय बोलू नको म्हनली."

मी म्हटलं, लिहून देते.

"लिही. पन लांबड लावू नको गो. तिला येळ नाय. वाल पेरलाय, पोरगी आजारी, नं घरात बाप्या मानूस नाय."

तेव्हा क्रमाने सांगते. ६ नोव्हेंबरला, बुधवारी, भावोजी फरशीच्या प्रेसमध्ये साचा साफ करायला उतरले होते. महिपतकाका पॅनेलवर होते. मशीन चालू करण्याआधी पॅनेल एक प्रश्न विचारतं. काकांनी "नाही" दाबलं आणि प्रेस खाली आला. काकांवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला आहे. कंपनीच्या अहवालात असंही लिहिलं आहे की मशीन कोणी चालू करू नये म्हणून मुख्य स्विचला लावायचं स्वतःचं कुलूप न लावता भावोजी आत गेले. माझा जबाब २० मार्चला कल्याणला, कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात होणार आहे. पॅनेलवरच्या मराठी पट्ट्या मी लावल्या होत्या म्हणून मला बोलावलं आहे. त्या जबाबानंतर दोष कोणाचा हे कायम होईल.

आता शब्द. मशीन स्पेनमधून आलेलं जुनं आहे, त्याचं पॅनेल फक्त स्पॅनिश बोलतं. कंपनीने मला सहा महिने शिकवणी लावली, नंतर तिथला इंजिनिअर अकरा आठवडे इथे राहून गेला. जे क्रियापद तू विचारते आहेस त्याचा उच्चार "केदार" असा आहे. आमच्या पाळीत यावर सगळे हसले होते. भावोजी म्हणायचे, "हा केदार रोज येतो, पण हजेरी लागत नाय त्याची."

केदार म्हणजे राहणे, उरणे, शिल्लक असणे. दोन स्क्रू उरले, दहा मिनिटं राहिली, असं सांगायला हे क्रियापद येतं. पॅनेलवरचा प्रश्न होता, "केदा आल्गियेन देन्त्रो?" त्याखाली मी पट्टी लावली होती, "आत कोणी राहिलं आहे का?" हे भाषांतर बरोबर आहे. मी ते त्या इंजिनिअरकडून तपासून घेतलं होतं आणि अपघातानंतर पुन्हा दोन ठिकाणी पडताळलं. मराठी चुकलेली नाही.

तू एवढंच विचारलं होतंस, म्हणून इथे थांबते. मात्र एका क्रियापदाला एकच अर्थ नसतो. शब्दकोशात याला दीड पान लागलं आहे. उरलेलं पुढे कधी लिहीन.

बाळीचा ताप उतरला का, ते सासूबाईंकडून कळव.

स्नेहल


मुरबाड, १५ जानेवारी

ताई,

काल म्हशाच्या जत्रेत गेले होते. घोंगडीवाल्यांच्या रांगेत, दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला. गेली सात वर्षं आपण असंच ठरवतो. यंदा ठरवलं नव्हतं. तू सुतकाच्या वर्षात जत्रेला येणार नाहीस हेही मला माहीत होतं. एक वाजेपर्यंत उभी राहिले. घोंगडीवाल्याने विचारलं, "ताई, घेयाची हाय का सावलीला थांबलाय?" मी एक घेतली. बाळीच्या मापाची नाही, मोठी आहे. सासूबाईंबरोबर पाठवते. परत केलीस तरी चालेल.

भेटायचं ठरवणे यालाही स्पॅनिशमध्ये हेच क्रियापद आहे. "आमचं अकराला केदार झालंय" म्हणजे अकराला भेटायचं ठरलंय. शिकवणीत मला हा वापर सगळ्यात उशिरा जमला. उरण्याचा आणि भेट ठरवण्याचा संबंध कळेना. शिक्षिका म्हणाली, संबंध शोधू नकोस, माणसं कशी वापरतात ते बघ.

तुझं उत्तर सासूबाईंनी सांगितलं. "दर्शनी म्हनली, म्हंजे महिपतचाच दोष."

मी तसं लिहिलं नव्हतं. मराठी चुकलेली नाही, इतकंच लिहिलं होतं. पण ते पत्र तुमच्या ओटीवर मोठ्याने वाचलं गेलं आणि रविवारी भावोजींचे चार भाऊबंद गाडी घेऊन किन्हवलीकडे गेले, हे मला कारखान्यात कळलं. त्यांनी महिपतकाकांना अंगणात उभं करून विचारलं, "वाचता येत नाय तर बटन कशाला दाबलास?" काका म्हणाले, वाचता येतं. तेव्हा एकाने त्यांना ती पट्टी जमिनीवर बोटाने लिहून दाखवायला लावली. साठीला आलेल्या माणसाला शेजाऱ्यांसमोर, मातीत. काकांनी लिहिली. अक्षरं बरोबर होती. मग ते लोक निघून गेले.

माझ्या पत्रात एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी हे झालं.

पुढचं पत्र ओटीवर वाचू नकोस, अशी विनंती आहे.

स्नेहल


मुरबाड, ९ फेब्रुवारी

ताई,

आज महिपतकाकांकडे जाऊन आले. सरळगावहून किन्हवलीची गाडी मिळाली, पुढे दोन किलोमीटर चालत. स्पॅनिशमध्ये एखादं ठिकाण कुठे आहे हे सांगतानाही केदार म्हणतात. त्यांचं घर कालव्याच्या पलीकडे केदार होतं. मी हे का सांगते आहे ते मलाही नीट कळत नाही. चालताना डोक्यात वाक्यं बनत होती, दुसरं काही येऊ नये म्हणून बहुतेक.

गिरजाकाकू दारात तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"कोन, दीपेशची मेव्हनी ना तू? आता कोन पाठवलं? आता काय लिवून दाखवायचं?"

मी म्हटलं, कोणी पाठवलं नाही.

"मंग बस. तुझ्याशी बोलंल तर बोलंल. माझ्याशी नाय बोलत. जेवायला वाढलं का जेवतो, नाय वाढलं का मागत नाय. ढोरासारखा झालाय."

काका मागच्या पडवीत होते. त्यांनी दाढी केली नव्हती, सदरा मात्र कारखान्याचाच, धुतलेला. मी बसले. काकांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "भट्टीचं टेम्परेचर जमलं का गो शेवटी? त्या दिवशी खालीवर होत होतं."

"जमलं, काका. वायर सैल होती."

"मला वाटलंच."

मग मी विचारलं, त्या दिवशी नक्की काय काय पाहिलंत ते सांगाल का.

"पोलिसांना सांगितलंय सगळं. स्विचला कुलूप नव्हतं. तू तुझं काढलंस ते मी बघितलं. तुझं काम झालं, तू काढलंस. आपलं कुलूप आपन काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाय, तूच शिकवलंस ना आमाला? बराबर केलंस. मंग मी स्विच चढवला. पॅनेलनं विचारलं, आत कोनी राहिलंय का. मी एकदा हाक मारली. पंखा चालू होता. दीपेशनं कानात बोळे घातलेले असतात ह्ये मला म्हाईत होतं. तरी मी वाकून नाय बघितलं. कुलूप नाय म्हंजे मानूस नाय, असं बावीस वर्सं चाललंय माझं."

"दीपेश कुलूप न लावता कसा गेला तेच समजत नाय," ते म्हणाले. "तो असा नव्हता. बाकीचे असतील, दीपेश नाय."

मी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"तुझ्या बहिनीला सांग," ते म्हणाले, "मी पाया पडायला येईन. आता येऊ दिलं नाय तर वर्सानं येईन."

गिरजाकाकूंनी चहा आणून ठेवला. मी प्यायले. निघताना त्यांनी माझ्या हातात मुळ्याची जुडी दिली. "घेऊन जा. मळ्यात सडतोय. हा बाजारात गेला का लोक बघत राहतात, मंग जातच नाय."

ताई, या क्रियापदाचा आणखी एक वापर आहे, तो मी शिकवणीत पाठ केला आणि नंतर बरेच दिवस त्या पानावर गेले नाही. माणूस आंधळा होतो, बहिरा होतो, एकटा पडतो, अशा वेळी स्पॅनिश लोक साधं "होणे" वापरत नाहीत. ते केदार वापरतात. काहीतरी निघून जातं आणि माणूस तसाच मागे उरतो, म्हणून. त्या यादीत पुढचा शब्द कोणता होता तो मी लिहीत नाही. नोव्हेंबरपासून तो तुझ्या नावामागे सगळ्या कागदांवर लिहिला जातो आहे.

स्नेहल


मुरबाड, २ मार्च

ताई,

थोडक्यात लिहिते.

मंगळवारी मॅनेजरांनी बोलावलं होतं. जबाबात काय म्हणायचं ते त्यांनी सुचवलं. "आत कोणी राहिलं आहे का" ही पट्टी घाईत वाचली तर "आत काही राहिलं आहे का", म्हणजे हत्यार वगैरे, असा समज होऊ शकतो. परक्या भाषेतून आणताना हे ध्यानात आलं नाही. आता नवी, चित्राची पट्टी लावली आहे. असं मी म्हणावं. मग काकांवरचा गुन्हा सौम्य होईल. माझ्यावर कारवाई होणार नाही, कारण मी भाषांतरकार नाही, इन्स्ट्रुमेंटेशनची डिप्लोमावाली आहे. "कोणाचं नुकसान नाही यात," ते म्हणाले. "तेवढं आपलं ठरलं असं समजू का?"

विचार करून सांगते म्हटलं.

विचार केला. हे म्हटलं तर काका सुटतात. तुझ्या सासूबाईंच्या हिशेबाने दोष माझ्याकडे येतो. कारण खोटं असलं तरी दोष बरोबर माणसावर जातो. तीन दिवस मला हे पटत होतं.

मग शुक्रवारी सकाळी पाळी सुरू होताना मी स्विचजवळ उभी राहून कुलुपं मोजली. आत चार माणसं होती. कडीत दोन कुलुपं होती.

स्नेहल


मुरबाड, १४ मार्च, धुळवड

ताई,

हे पत्र सासूबाईंकडे देत नाही, रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. आधी तू एकटीने वाच. नंतर कोणाला वाचून दाखवायचं ते तू ठरव. आज कारखाना बंद आहे, म्हणून सावकाश लिहिता येईल.

कारखान्यातलं कुलूप काय असतं ते तुला माहीत आहे, पण त्याची पद्धत नसेल. मुख्य स्विचला एक कडी असते, तिला सहा भोकं. मशीनमध्ये किंवा मशीनवर काम करणारा प्रत्येक माणूस स्वतःचं लाल कुलूप त्या कडीत घालतो. कुलपावर त्याचं नाव. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात. एक जरी कुलूप लटकत असलं तरी स्विच चढत नाही. एक माणूस, एक कुलूप. हे मी प्रत्येक नव्या माणसाला शिकवते. कंपनीने ते काम माझ्याकडे दिलं आहे.

आता जे लेखी कुठेच नाही ते. कापणी झाली की आमच्याकडची लाल कुलुपं गावोगाव जातात. ती रंगाखाली पितळी, जाड, पावसात न गंजणारी. बाजारात तसं कुलूप मिळत नाही. भात घरात आलं की माणूस कारखान्यातलं कुलूप भाताच्या खोलीला लावतो आणि दोन-तीन महिने इथे दुसऱ्याच्या कुलुपावर काम चालवतो. याला आमच्या पाळीत म्हणतात, कुलपाखाली जाणे. "मी तुझ्या कुलपाखाली जातो रे," असं सांगायचं आणि आत उतरायचं. ओळखीच्या माणसाच्या, शक्यतो नात्यातल्या माणसाच्या. परक्याच्या कुलपाखाली कोणी जात नाही. ज्याच्या कुलपाखाली आपण गेलो तो आपल्याला बाहेर काढल्याशिवाय कुलूप काढणार नाही, हा भरवसा. मला हे तीन वर्षांपासून माहीत आहे. मी कधी तक्रार केली नाही. नोव्हेंबरात सगळ्यांना कुलूप नाही म्हणून परत पाठवलं असतं तर पाळी बंद पडली असती, आणि ती माझीच माणसं आहेत.

६ नोव्हेंबर. दहा वीसला मी प्रेसच्या मागच्या बाजूला दाबाच्या सेन्सरची वायर बदलायला घेतली आणि माझं कुलूप लावलं. दहा पस्तीसला भावोजी आले.

"मॅडम, किती वेळ हाय तुमाला?"

मी म्हटलं, पंधरा-वीस मिनिटं.

"मग मी साचा झाडून घेतो. तुमच्या कुलपाखाली जातो."

"तुमचं कुठे आहे?"

"घरी. भाताला लावलंय. तुमची बहीन म्हनली, दीपेश, जुनं कुलूप फुंकलं तरी उघडतं, तुझ्या कंपनीचं आन." ते हसत होते. "आता तिला नाय म्हनायची हिंमत तुमच्या घरात कोनाची झाली हाय का?"

मी म्हटलं, जा.

हा शब्द मी म्हटला, ताई. कुलूप नसेल तर आत जायचं नाही, हा नियम सांगायचं काम माझं होतं. मी "जा" म्हटलं.

दहा पन्नासला माझं काम संपलं. त्याच वेळी भट्टीकडून फोन आला, टेम्परेचर खालीवर होतंय, लगेच ये. मी हत्यारं उचलली, स्विचपाशी गेले, माझं कुलूप काढलं, खिशात टाकलं आणि भट्टीकडे गेले. दहा बावन्न. सतरा मिनिटांत मी विसरले. यापेक्षा अचूक शब्द माझ्याकडे नाही. माझं काम झालं की माझं कुलूप निघतं, हे हाताला इतकं ठाऊक होतं की त्या कुलपाखाली दुसरं माणूस आहे हे डोक्यात आलंच नाही. माझी पद्धत चुकली नाही. त्या एका कुलपावर दोन माणसं मी ठेवली होती, आणि काढताना एकच मोजलं.

भट्टीपाशी मला ओरडण्याचा आवाज आला नाही. प्रेसचा ठोका एकदा पडला आणि पुढचा पडला नाही, एवढं कळलं.

पोलिसांनी मला विचारलं, त्याचं कुलूप होतं का. मी म्हटलं, नव्हतं. ते खरं होतं. पुढचा प्रश्न त्यांना सुचला नाही आणि मी सुचवला नाही. तू त्या दिवशी मला दारात म्हणालीस, तुझ्या डोळ्यांत पाणी कसं नाही गो. मी जपून बोलत होते, ताई. रडले असते तर बोलले असते. तू त्यानंतर बोलणं सोडलंस, आणि मला त्यात सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

या क्रियापदाचा एक वापर मी तुला सांगितला नव्हता. एखादी वस्तू स्वतःकडे ठेवून घेणे. दुकानदार सुटे पैसे देतो तेव्हा "राहू दे तुझ्याकडेच" म्हणतात, त्यात हेच क्रियापद येतं. चार महिने मी ही गोष्ट माझ्याकडे ठेवून घेतली. तुला शब्दाचे अर्थ लिहीत बसले, कारण तू शब्दाबद्दल विचारलं होतंस आणि शब्दाबद्दल मला खरं बोलता येत होतं.

घरच्या कुलपाबद्दल लिहू की नको यावर मी बरेच दिवस घालवले. तू ते स्वतःला लावून घेशील. पण जबाबात ते येणार, आणि परक्या माणसाच्या तोंडून तुला कळू नये. म्हणून स्पष्ट लिहिते. कुलूप तुमच्या भाताच्या खोलीला होतं, हे या मृत्यूचं कारण नाही. कुलूप घरी आहे म्हणून माणूस बाहेर उभा राहिला असता, एवढंच व्हायला हवं होतं. मध्ये मी होते.

काल भातसानगरला जाऊन बाबांना सांगितलं. ते जेवत होते. हात धुऊन आले आणि धरणाकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "दर्शनाला तू सांग. मी मध्ये पडणार नाही. आणि मला विचारू नकोस की तू काय करावंस. विचारलंस तर मी गप्प राहा म्हणेन, मी बाप आहे." म्हणून मी विचारलं नाही.

२० तारखेला मी हे सगळं सांगणार आहे, कुलपाखाली जाण्याच्या पद्धतीसकट. नोकरी जाईल. गुन्हा माझ्यावर येईल. काकांचं नाव पूर्ण निघणार नाही, त्यांनी वाकून बघितलं नाही हे ते स्वतःच सांगतात. पण भावोजी निष्काळजी होते हे वाक्य अहवालातून निघेल. ते माझ्यावर विसंबून आत गेले होते.

तुझ्याकडून काही मागत नाही.

स्नेहल


मुरबाड, २१ मार्च

ताई,

काल आपण एका खोलीत दीड तास होतो आणि मी तुला काही विचारलं नाही. म्हणून हे.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. कल्याणच्या त्या जिन्यात आधी सासूबाईंचा आवाज आला, "हळू चढ गो बाळे, पाय मोडशील." मग तू दिसलीस. बाकावर मी बसले होते, मी टोकाला सरकले. तू दुसऱ्या टोकाला बसलीस. मध्ये बाळी. ती माझ्याकडे बघत होती आणि तू तिचं तोंड हाताने समोर वळवलंस. दोनदा.

महिपतकाकाही तिथेच होते, खिडकीपाशी, गिरजाकाकूंबरोबर. ते तुझ्याकडे यायला निघाले तेव्हा सासूबाईंनी हात आडवा केला. "आता नको. आता ऐकू दे."

माझा जबाब पन्नास मिनिटं चालला. दार उघडं होतं. तुला किती ऐकू आलं माहीत नाही. निरीक्षक साहेबांनी मला तीन वेळा विचारलं, हे तुम्ही कोणाच्या दबावाखाली सांगता का. नाही म्हटलं. घड्याळाच्या वेळा विचारल्या, त्या दिल्या. "विसरले" हा शब्द त्यांनी दुसऱ्या कशाने बदलता येईल का म्हणून विचारलं, कारण तो जबाबात कच्चा दिसतो. मी बदलला नाही. शेवटी त्यांनी विचारलं की कुलुपं गावात जातात याला काही पुरावा आहे का, कंपनी तर नाकारेल.

तेव्हा तू आत आलीस. कोणी बोलावलं नव्हतं. पदराखालून कुलूप काढलंस आणि टेबलावर ठेवलंस. भावोजींच्या नावाची पट्टी वर येईल असं. साहेबांनी विचारलं, हे कुठे होतं.

"भाताच्या खोलीला," तू म्हणालीस. "मी मागितलं होतं."

"सहा नोव्हेंबरला?"

"दिवाळीच्या आधीपासून. आज सकाळी काढलं."

मी पत्रात लिहिलं होतं की ते कारण नाही. तू ते वाचलंस की नाही, मला कळायला मार्ग नाही. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बाहेर गिरजाकाकू रडत होत्या आणि काका त्यांना सांगत होते, "गप गो, आतमध्ये लिवताहेत."

मग कारकुनाने तुझी माहिती भरायला घेतली. नाव, गाव तू सांगितलंस. माझ्याकडे बोट करून त्याने विचारलं, या तुमच्या कोण. तो लेखणी धरून थांबला. पंखा फिरत होता, कागद उडत होते, त्याने त्यावर ते कुलूपच ठेवलं. तरी तू काही बोलली नाहीस, म्हणून मी म्हटलं, "मी यांची धाकटी बहीण." त्याने ते लिहिलं. तू नाकारलं नाहीस.

मग त्याने माझ्याकडेच बघून विचारलं, यांचं वय. मी म्हटलं, एकतीस.

"बत्तीस," तू म्हणालीस.

फेब्रुवारीत तुझा वाढदिवस झाला. मी किन्हवलीला गेले त्याच आठवड्यात. मला आठवला नव्हता.

कारकुनाने खोडून बत्तीस केलं.

स्नेहल